काच करायची कुठली, पाहायची कुठली

स्टेन्ड ग्लासच्या वर्कशॉपला जायचं असेल तर अगदी लहान मुलं सोडून घरातल्या सगळ्यांना घेऊन जा. काच फुंकायचं काम पाहायला जायचं असेल तर मात्र कोणाकोणाला न्यायचं, हे आधी ठरवा. एकाच सुट्टीत ‘काचेचं काहीतरी’ दाखवायचं म्हणून ही दोन्ही कामं एका दिवसात उरकणारे पालक बरेच असतात. मग पोरं कंटाळतात, आजीचे पाय दुखतात आणि येताना हातात चिनी बनावटीचं तयार फुलपाखरू असतं. दोन्ही कामांत काच असली तरी पाहुण्याला त्यांतून मिळणारी गोष्ट वेगळी आहे. रंगीत काचेचं काम आपण स्वतः करायचं. फुंकलेल्या काचेचं काम दुसऱ्याला करताना पाहायचं. हे डोक्यात ठेवून निघालात तर बाकीचं सोपं आहे.

नवी मुंबईत काय मिळतं, ते आधी पाहू. वाशी, नेरूळ, खारघर अशा भागांत शनिवार-रविवारी हौशी लोकांसाठी होणाऱ्या वर्कशॉपमध्ये स्टेन्ड ग्लास अधूनमधून असतं. ते बहुतेक वेळा टिफनी पद्धतीचं असतं, म्हणजे तुकड्यांच्या कडांना तांब्याची पट्टी चिकटवून ते डाख देऊन जोडायचे. जाहिरातीत ‘ग्लास पेंटिंग’ लिहिलेलं असेल तर तो प्रकार निराळा. तिथे साध्या काचेवर रंग लावतात. तेही मजेचं आहे, फक्त पैसे भरण्यापूर्वी दोन्हींतला फरक समजून घ्या. सीबीडी बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये हस्तकलांची प्रदर्शनं भरत असतात, तीही नजरेखालून घालावीत. अशा प्रदर्शनांत कधीमधी बर्नर घेऊन बसलेला एखादा कारागीर भेटतो. काचेची कांडी ज्योतीत धरून तो बघता बघता हरीण किंवा हंस करून देतो. पोरांसाठी काचकामाची पहिली ओळख म्हणून यापेक्षा स्वस्त आणि चांगलं काही मला तरी माहीत नाही.

पेटती भट्टी आणि वितळलेल्या काचेची मूस असलेले स्टुडिओ मात्र शोधावे लागतात. कारण साधं आहे. अशी भट्टी सुमारे ११०० अंश सेल्सिअसला रात्रंदिवस चालू ठेवावी लागते. संध्याकाळी बंद केली आणि सकाळी पेटवली, असं तिचं चालत नाही. इंधनाचा हा खर्च हौशी वर्कशॉपला पेलवत नाही. आपल्या औद्योगिक पट्ट्यातलं काचेचं काम वेगळ्या प्रकारचं असतं. औषध आणि रसायन कंपन्यांच्या प्रयोगशाळांना कंडेन्सर, फ्लास्क, वाकवलेल्या नळ्या लागतात. त्या बनवणारे आणि तुटल्या की जोडून देणारे कारागीर छोट्या गाळ्यांमध्ये बसतात. त्यांना पर्यटकांची सवय नसते, त्यांच्याकडे स्वागतकक्षही नसतो. पण ओळखीतून, हातातलं काम हलकं असताना, नीट विचारून गेलात तर तासाभरात जे दिसेल ते कुठल्याही मॉलमधल्या प्रात्यक्षिकात दिसणार नाही. औद्योगिक भागातली साप्ताहिक सुट्टी रविवारीच असते असं समजू नका. फोन करून वार विचारून घ्या.

आता वयाचं. आठ वर्षांखालच्या मुलांना यांपैकी कुठेच नेऊ नये, असं माझं मत आहे. ती हूड असतात एवढंच कारण नाही. गरम काच आणि थंड काच दिसायला सारखीच असते. लोखंड तापलं की निदान लाल दिसतं. तीनशे अंशांची काच मात्र टेबलावर निवांत, पारदर्शक पडलेली असते आणि लहान मूल सगळ्यात आधी तीच उचलतं. आठ ते बारा वर्षांच्या मुलांना काच कापताना मोठ्यांनी शेजारी उभं राहायचं आणि डाख द्यायचं काम शिकवणाऱ्याने करायचं. तेराच्या पुढची मुलं सगळं करू शकतात, फक्त त्यांना मोबाइल बाजूला ठेवायला लावा.

लहानांना घेऊन जायला दुसरी जागा आहे आणि मोठ्यांनीही वर्कशॉपच्या आधी तिथे जाऊन यावं. ती म्हणजे दक्षिण मुंबई. हार्बर लाइनने बसल्या जागी सीएसएमटी. वास्तुविशारद एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्सच्या या इमारतीच्या घुमटाखाली रंगीत काचांच्या खिडक्या आहेत. आपण रोज तिथून धावत जातो, पण त्या दिसत नाहीत, कारण त्या कार्यालयाच्या बाजूला आहेत. त्यासाठी कामाच्या दिवशी हेरिटेज भेटीची वेळ विचारून जावं लागतं. काळा घोड्याजवळचं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग १८८४ सालचं, २०१९ मध्ये त्याची दुरुस्ती पूर्ण झाली. तिथे ओळखपत्र लागतं आणि शनिवारी भेटीसाठी जाऊ नये. मुंबई विद्यापीठाचं दीक्षान्त सभागृह आणि राजाबाई टॉवर, दोन्ही गिल्बर्ट स्कॉटच्या आराखड्यांवरून उभे राहिले. सभागृहाच्या मोठ्या गोल खिडकीत बारा राशी आहेत. टॉवरखालच्या ग्रंथालयातल्या रंगीत काचांचं जतन २०१३ ते २०१५ या काळात झालं. ते काम स्वाती चंदगडकर यांनी केलं. विद्यापीठात आत शिरायला परवानगी लागते, म्हणून हेरिटेज वॉकबरोबर जाणं सोयीचं.

एकाच ठिकाणी जायचं असेल तर मी कुलाब्याचं अफगाण चर्च सांगेन. पहिल्या अफगाण युद्धात मेलेल्यांच्या स्मरणार्थ बांधलेलं हे चर्च १८५८ मध्ये खुलं झालं आणि त्याच्या पूर्व-पश्चिम खिडक्या विल्यम वेल्स या इंग्लिश कारागिराच्या. सीएसएमटीहून नेव्ही नगरच्या दिशेने जाणारी बस तिथे सोडते. तिथे जायचं ते वेळ साधून. रंगीत काच बाहेरून पाहिली तर काळपट आणि मळकी दिसते. तिचा रंग आतून, मागे उजेड असतानाच कळतो. पूर्वेची खिडकी सकाळी पाहायची, पश्चिमेची चार वाजल्यानंतर. मळभाचा दिवस असेल तर निराश होऊ नका. कडक उन्हात फिकट काचा झळाळतात आणि गडद काचांवरचं रेखाटन हरवतं. पावसाळी, एकसारख्या उजेडात चेहऱ्यांवरच्या बारीक रेषासुद्धा वाचता येतात. मुलांना एक काम द्या: खिडकीत काळ्या रेषा दिसतात, त्यांतल्या शिशाच्या कुठल्या आणि काचेवर रंगवलेल्या कुठल्या, ते ओळखायचं. शिशाची रेष तुकड्याभोवती फिरून दुसऱ्या रेषेला मिळते. डोळे, बोटं, वस्त्रांच्या चुण्या मात्र रंगवलेल्या असतात. काचपूड आणि धातूची भस्मं यांचा तो रंग काचेवर काढून भट्टीत पक्का भाजलेला असतो, म्हणून दीडशे वर्षांनंतरही तो टिकून आहे. एवढं पाहून आलेलं मूल वर्कशॉपमध्ये ‘मी गणपती करणार’ म्हणत नाही. मासा करतो म्हणतं आणि मासा खरंच होतो.

आता वर्कशॉपबद्दल. आधी कागदावर चित्र काढायचं, मग त्याचे तुकडे पाडून प्रत्येकाला नंबर द्यायचा. नवशिक्याच्या चित्रात दहाबारापेक्षा जास्त तुकडे नकोत आणि आत वळलेला खोल कोपरा नको, कारण काच तसा कोपरा देत नाही, तडकते. नंतर कापणं. आपले काचवाले पूर्वी हिरकणीने कापायचे, आता हातात कठीण धातूचं बारीक चाक असलेला कटर देतात. त्याला तेलाचा थेंब लावायचा, काचेच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत न थांबता, न उचलता, एकसारख्या दाबाने न्यायचा. बरोबर दाब पडला की किर्र असा बारीक, सलग आवाज येतो. आवाज तुटला तर रेघ तुटली. अशा वेळी पोरांना, आणि त्यांच्या बाबांना तर हमखास, तीच रेघ पुन्हा ओढायचा मोह होतो. तो टाळा. दुसऱ्यांदा ओढलेल्या रेघेवर काच भलतीकडे फुटते आणि कटरचं चाकही बाद होतं. मुळात ही रेघ काच कापत नाही, नुसता ओरखडा पाडते. मग दोन्ही अंगठे रेघेच्या दोन बाजूंना, मुठी खाली, आणि पोळी मोडावी तसा मनगटाने हलकासा झटका. टच् आवाज होऊन काच रेघेवरून सरळ दुभंगते. ज्या मुलाला हे पहिल्यांदा जमतं त्याचा चेहरा पाहण्यासारखा असतो. त्या दिवशी तेवढं जमलं तरी फी वसूल झाली असं समजा.

उरलेले खाचखळगे ग्राइंडरवर घासतात. त्याच्या टाकीत पाणी हवंच, नाहीतर काचेची धूळ उडते. चष्मा प्रत्येकाला, बघे म्हणून शेजारी उभे असतील त्यांनाही. घासलेल्या कडेवर तांब्याची चिकटपट्टी दोन्ही अंगांना सारखी दाबून बसवायची. हे काम आजी-आजोबांना द्या. त्याला घाई चालत नाही आणि ते खुर्चीत बसून करता येतं. शेवटी फ्लक्स लावून डाख. साठ टक्के कथील आणि चाळीस टक्के शिसं अशा मिश्रणाची तार सुमारे १९० अंशांना वितळते आणि तांब्याच्या पट्टीवर चकचकीत धावते.

इथे शिशाबद्दल थोडं कडक बोलायला हवं. शिसं विषारी आहे आणि लहान मुलांच्या मेंदूला त्याचा सगळ्यात जास्त धोका असतो. तार हातात धरून नंतर वेफर्स खाणं हा पोटात शिसं जायचा सोपा रस्ता. म्हणून कामाच्या टेबलावर खाणंपिणं अजिबात नाही, उठल्यावर साबणाने हात धुवायचे, धुराकडे तोंड करून वाकायचं नाही आणि खोलीत हवा खेळती हवी. शिसेविरहित तार मिळते. ती थोडी महाग असते आणि तिला उष्णता जास्त लागते, पण मुलं असतील तर तीच मागावी. गरोदर बाईने डाख देण्याच्या खोलीत बसू नये. यातली एखादी गोष्ट विचारल्यावर शिकवणारा ‘काही होत नाही हो’ म्हणाला, तर दुसरा शिकवणारा शोधा.

आता ज्योतीवरचं काम. बोरोसिलिकेट काचेची नळी गॅस आणि ऑक्सिजनच्या ज्योतीत फिरवत फिरवत मऊ करायची आणि दुसऱ्या टोकाकडून रबरी नळीतून फुंकर घालायची. कारागीर बोटांनी नळी सतत फिरवत असतो, कारण ती क्षणभर जरी थांबली तरी मऊ काच खाली लोंबते. त्याच्या डोळ्यांवर जांभळट काचेचा चष्मा असतो. काच तापली की तिच्यातल्या सोडियममुळे पिवळाधमक उजेड उठतो आणि तो अडवला नाही तर कामच दिसत नाही. जादाचा चष्मा असेल तर मुलांना एकदा लावून बघायला द्या, पिवळी ज्योत एकदम नाहीशी होते. खोलीत पंखा बंद असेल, तो लावायला सांगू नका. वाऱ्याने ज्योत हलते आणि काच एका बाजूने थंड होऊन तडकते. म्हणजे उकाडा सोसायचा आहे. मे महिन्यात हे नको, डिसेंबर-जानेवारी बरा. एक प्रश्न मुलांना विचारायला लावा: घरातल्या साध्या ग्लासचा तुकडा या नळीला जोडता येईल का? येत नाही. साधी काच तापल्यावर बोरोसिलिकेटच्या जवळजवळ तिप्पट प्रसरण पावते, म्हणून जोड थंड होताना फाटतो. चांगला कारागीर हे करूनच दाखवतो.

या कामाची शास्त्रीय बाजू पाहायची असेल तर पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा लक्षात ठेवा. तिथे काचकामाचा स्वतंत्र विभाग आहे आणि २८ फेब्रुवारीच्या राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास प्रयोगशाळा लोकांसाठी खुली होते. त्या वर्षी काचकाम दाखवणार आहेत का, एवढं विचारून एक्स्प्रेसवेला लागा.

एक्स्प्रेसवेवरून जाताना तळेगाव लागतं, तेव्हा मुलांना सांगण्यासारखी एक गोष्ट आहे. अंताजी दामोदर काळे यांनी वर्षाला माणशी एक पैसा मागून निधी उभा केला. लोकमान्य टिळकांनी तो उचलून धरला आणि त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव दाभाडे इथे काच कारखाना सुरू झाला. परदेशात काचशास्त्र शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे तज्ज्ञ म्हणून होते. तो नुसता कारखाना नव्हता, काचकाम शिकवायची शाळाही होती. तिथे तयार झालेले लोक पुढे देशभर पसरले. कऱ्हाडजवळ औंध संस्थानच्या हद्दीत १९१६ साली ओगले बंधूंनी काच कारखाना काढला. त्याचा प्रभाकर कंदील घरोघरी गेला आणि गावाचं नावच ओगलेवाडी पडलं. आजोळच्या माळ्यावर असा कंदील असेल तर त्याची काच खाली काढून मुलांच्या हातात द्या. साच्यात फुंकून केलेली काच कशी असते, ते त्यांना बोटांनी कळेल.

वितळलेल्या काचेच्या मुशीची भट्टी असलेल्या स्टुडिओत जायची संधी मिळालीच, तर तिथे फक्त पाहुणे म्हणून वागा. लोखंडी पोकळ नळीच्या टोकाला गुळाच्या पाकासारखा घट्ट रस गुंडाळून कारागीर वळतो, तेव्हा त्याच्या वाटेत कोणी नसावं. तो ‘बाजूला’ म्हणाला की कारण न विचारता सरकायचं. काही ठिकाणी पाहुण्याला नळीत फुंकर घालू देतात. ते एक-दोन फुंकरींचं काम असतं, बाकी सगळं कारागीरच करतो. मुलांना ते आधीच सांगून ठेवा म्हणजे रुसवेफुगवे होत नाहीत. कपडे सुती आणि अंगभर, नायलॉन-पॉलिएस्टर नको, कारण ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटतं. ओढणी घरी ठेवा, वेणी बांधा, पाय झाकणारे बूट घाला. सँडलमध्ये काचेचा कण शिरला की तो शोधण्यात दुपार जाते.

फोनवर काय विचारायचं, तेही सांगतो. एका वेळी किती जण असतात, त्या दिवशी भट्टी किंवा बर्नर पेटलेला असेल का, फीमध्ये काच आणि तार धरली आहे का, शौचालय आणि बसायला जागा आहे का, मलमपट्टीचं सामान आहे का. आणि महत्त्वाचं: केलेली वस्तू कधी मिळेल. फुंकलेली काच त्याच दिवशी हातात मिळत नाही. ती सुमारे पाचशे अंशांच्या पेटीत ठेवून रात्रभर हळूहळू थंड करावी लागते. घाई केली तर आतला ताण तसाच राहतो आणि चार दिवसांनी शोकेसमध्ये आपोआप तडा जातो. म्हणून दुसऱ्या दिवशी न्यायला कोण येणार, ते ठरवूनच निघा.

भेटीत एक छोटा खेळ खेळता येतो, तयार वस्तू ओळखायचा. पेला किंवा फुलदाणी उलटी करून तळ बघा. हाताने फुंकलेल्या वस्तूच्या तळाशी सळईवरून तोडल्याची खूण असते, कधी खरखरीत, कधी घासून गुळगुळीत केलेली. यंत्रावरच्या बाटलीला दोन्ही बाजूंनी साच्याची शिवण दिसते. आईच्या हातातल्या साध्या काचेच्या बांगडीवर नखं फिरवत जा, कुठेतरी सांधा लागेल. फिरोजाबादला काचेचा धागा दांड्यावर सळसळत गुंडाळतात, मग त्याची एकेक वेटोळी कापून टोकं ज्योतीवर जोडतात. मंगळसूत्रातले बारीक काळे मणी मात्र लांब ओढलेल्या नळीचे तुकडे असतात, त्यांना सांधा नसतो.

अशी भेट झाली की देवघराच्या दाराला स्टेन्ड ग्लासचा ॐ बसवायची घरात टूम निघतेच. नवी मुंबईतल्या नव्या फ्लॅटमध्ये तर ती ठरलेली. काचवाल्याकडे त्या नावाखाली पुष्कळदा एकच सलग काच दाखवतात, वर रंगीत फिल्म आणि शिशाची पट्टी चिकटवलेली. स्वस्त आहे, दिसायला वाईट नाही, पण मग दामही तेवढाच द्या. ओळखायचं असं: दोन्ही बाजूंनी बोट फिरवा. खऱ्या कामात धातूची रेघ मागे आणि पुढे बरोबर समोरासमोर उठलेली लागते आणि एकाच निळ्या रंगाचे दोन तुकडेही थोडे वेगळे दिसतात. खरं करून घेणार असाल तर ते आतल्या दाराला लावा. खाडीवरचा खारा वारा खाणाऱ्या खिडकीत लावायचं असेल तर दोन साध्या काचांच्या मध्ये बसवून घ्या.

मुलांनी केलेला मासा घरी आणताना लोकलच्या गर्दीत पिशवीत टाकू नका. वर्तमानपत्रात गुंडाळून सपाट पुठ्ठ्यांच्या मध्ये बांधा आणि उभा धरा, आडवी धरलेली काच मधोमध वाकते. तो टांगायचा ते धातूच्या साखळीने आणि हूकही डाख दिलेल्या जोडावर असावा, नुसत्या कडेच्या पट्टीवर नको, ती वजनाने सुटून येते. नायलॉनचा दोरा उन्हाने एक-दोन वर्षांत ठिसूळ होतो. काळी पडलेली रेघ उजळायला पितांबरी लावू नका, मऊ फडक्याने कोरडंच पुसा, आणि पुसून झाल्यावर हात धुवा.